गल्ल्यावर बसायची परवानगी

इतकी वर्षं ऑफिसात जाऊन तू नेमकं काय करत होतीस, असं माझी नात विचारते. विचारते इंग्रजीत, पण उत्तर मराठीत दिलेलं चालतं तिला. मी सांगते, बाळा, मी लोकांबरोबर वाट बघत बसायचे. तिला ते काम वाटत नाही. मलाही पुष्कळदा वाटायचं नाही. पण ख्राइस्टचर्चमधली माझी सगळी नोकरी त्यातच गेली, आणि आता घरी बसल्यावर समजतं, की वाट बघणं हे एकट्यानं करायचं काम नव्हेच.

आमचं ऑफिस म्हणजे दोन खोल्या. एकीत मार्गारेट, दुसरीत मी, किटली आणि खुर्च्या. मार्गारेट लायसन असलेली इमिग्रेशन सल्लागार. या देशात लायसन नसताना व्हिसाचा सल्ला देता येत नाही, मार्गारेटच्या दंडकानुसार सख्ख्या जावेलासुद्धा नाही. म्हणून सल्ला तिनं द्यायचा आणि चहा मी. कागद लावणं, आपल्या लोकांचं बोलणं तिला समजावून सांगणं, फोन घेणं, रडणाऱ्याच्या हातात काहीतरी गरम देणं, हे माझ्याकडे. मी इचलकरंजीची, अकरावी झालेली. हे मला कुणी शिकवलं नाही. नियमांची पानं शेजारी शब्दकोश ठेवून वाचत गेले, अडलं की मार्गारेटला विचारत गेले, आणि कधीतरी शब्दकोश उघडायचा राहूनच गेला. हळदीकुंकवाला बायका कोपऱ्यात गाठायच्या, "काकू, तेवढं सांगा ना, माझ्या भावजयीचं कसं होईल?" मी म्हणायचे, बाई, कुंकू लावते, वाण देते, सल्ला मागू नकोस, मला तुरुंगात जायचं नाही.

तर हा धंदा कसा असतो ते सांगते. आमच्याकडे जास्त करून अदलाबदलीवर आलेल्यांची कुटुंबं यायची. म्हणजे इथल्या विद्यापीठाचा किंवा हॉस्पिटलचा तिकडच्या एखाद्याशी करार असतो. तिकडचा माणूस वर्षभर इकडे, इकडचा तिकडे. त्या माणसाचं सगळं आधीच ठरलेलं असतं. त्याला टेबल मिळतं, गळ्यात ओळखपत्र मिळतं, पहिल्या दिवशी स्वागताचा केक मिळतो. बरोबर आलेल्या बायकोला किंवा नवऱ्याला केक मिळतो, टेबल मिळत नाही. त्यांचा व्हिसा मुख्य माणसाच्या व्हिसाला धरून असतो. एकाच चिमट्यात दोन कपडे वाळत घालावेत ना, तसा. आमच्याकडे नॉर्वेस्टर म्हणून गरम वारा सुटतो, डोंगराच्या बाजूला आभाळात ढगाची कमान उभी राहते आणि दोरीवरचं सगळं हेलकावायला लागतं. चिमटा निघाला की दोन्ही कपडे शेजाऱ्याच्या अंगणात. आणि आणखी एक. इथं राहायची परवानगी वेगळी आणि इथं काम करायची वेगळी. माणूस राहू शकतो, फिरू शकतो, समुद्रात डुंबू शकतो, पण काम करू शकत नाही, असं महिनोन् महिने चालतं. नियम सारखे बदलतात, म्हणून माझं हे वाचून कुणी अर्ज भरायला बसू नका.

आमच्या खिडकीतून एक मोकळा प्लॉट दिसायचा. भूकंपात तिथली इमारत गेली ती परत उभी राहिलीच नाही. गवत वाढलं, त्यात कुठून कुठून बिया येऊन पिवळी फुलं लागली, सीगल उतरायला लागले. वाट बघणारी माणसं त्या गवताकडे बघत बसायची. काय व्हायचं कुणास ठाऊक, त्या खिडकीपाशी बसलं की माणसं आपली स्वप्नं सांगायची. झोपेतली स्वप्नं हो, मोठेपणाची नव्हेत. एका फार्मसिस्ट बाईला रोज स्वप्नात औषधांची कपाटं दिसायची आणि त्यातल्या एकाही बाटलीवर नाव नसायचं. मी ऐकायचे. तिला काम करायची परवानगी मिळाली एकदाची, पण तिची पदवी इथं मान्य व्हायला इतका वेळ लागला, की तोवर नवऱ्याची अदलाबदल संपली. ती गेली तेव्हा मी तिला विचारायचं विसरले, की बाटल्यांवर नावं आली का.

नवरा-बायको खरंच नवरा-बायको आहेत, एकत्र राहतात, हे दाखवावं लागतं. दोघांच्या नावाचं घरभाडं, दोघांचे फोटो, असं सगळं. एक पन्नाशीतले प्राध्यापक आले होते, नागपूरकडचे. बायको नंतर येणार. मार्गारेट म्हणाली, दोघांचे एकत्र फोटो आणा. त्यांनी गठ्ठा आणला. लग्नातल्या प्रत्येक फोटोत दोघांच्या मधे कुणीतरी आत्या उभी. आणि सहलीचे फोटो बघावेत तर एकात हे एकटे देवळापुढे उभे, दुसऱ्यात त्या एकट्या त्याच देवळापुढे, त्याच पायरीवर. मार्गारेटनं चष्मा काढला. म्हणाली (ती अर्थात इंग्रजीत बोलायची, मी आपली मराठीत लिहिते), "हे दोघं एकमेकांना कधी भेटले तरी आहेत का?"

मी प्राध्यापकांना विचारलं, "अहो, एकत्र का नाही काढलात?"

"मग काढणार कोण?" ते म्हणाले. "तिसऱ्याच्या हातात कॅमेरा द्यायचा म्हणजे... पळाला तर?"

मी ते फोटो खिडकीपाशी नेले. आणि दिसलं. प्रोफेसरांच्या प्रत्येक फोटोत त्यांच्या पायाशी एक सावली होती. खांद्याला पिशवी, वेणी पुढे घेतलेली, दोन्ही हात चेहऱ्याशी, कॅमेरा धरलेले. बाईंच्या फोटोंत तशीच प्रोफेसरांची सावली, टोपी घातलेली. वर्षं बदलत गेली तसं पिशवी बदलली, वेणीचा अंबाडा झाला. मी मार्गारेटला बोलावलं. ती बराच वेळ वाकून बघत राहिली. मग तिनं ते फोटो तसेच अर्जाला लावले, आणि त्याच्याखाली सावल्या बघाव्यात अशी एक ओळ लिहिली. बाई आल्या. भेटायला आल्या तेव्हा मी आधी त्यांच्या पायाशी बघितलं, सवयीनं.

मग एक चिलीचा बेकरीवाला होता. त्याची बायको भूकंपाची शास्त्रज्ञ, वर्षभर इकडे आलेली. त्याला काम करायची परवानगी नव्हती आणि हाताला पावाशिवाय काही सुचत नव्हतं. मार्गारेटनं त्याला नियम सांगितला तो मला तेव्हाच पाठ झाला. काम म्हणजे नुसता पगार नव्हे. बदल्यात जे काही मिळेल, जेवण, राहायला खोली, भाजीची जुडी, ज्याची किंमत करता येते असं काहीही, ते मिळालं की झालं काम. त्यानं मान हलवली. मग तो पाव करून शेजाऱ्यांना फुकट वाटायचा, दाराशी ठेवून बेल वाजवून पळून जायचा, म्हणजे कुणी काही देऊच नये. वर्षभर तो आळीत बेल वाजवून पळत होता. परत गेला. त्याला हे जमलं. आपल्या माणसाला जमेल का, असं मला तेव्हा वाटून गेलं होतं.

आपला माणूस आला तो श्रीरंग. त्याची बायको मुग्धा फिजिओथेरपिस्ट. अर्धांगवायू झालेल्या माणसांना पुन्हा चालायला शिकवण्याचं इथल्या हॉस्पिटलातलं काम बघायला पुण्याहून आलेली, एक वर्षासाठी. परत जाऊन तिनं तिकडे तसा विभाग सुरू करायचा, म्हणून हॉस्पिटलनं तिची निवड केलेली. श्रीरंग भोसरीला पंपांच्या कारखान्यात होता. बिनपगारी रजा टाकून मागोमाग आला, पर्यटक म्हणून. वर्ष काय, असं जाईल, तू शीक, मी फिरीन, असा दोघांचा बेत. पानं पिवळी पडायच्या दिवसांत आली ती. नदीकाठी विलोच्या झाडांच्या फांद्या पाण्याला टेकलेल्या, वर धुकं, सगळं कसं झोपेतल्यासारखं. श्रीरंग फिरला. मग हिवाळा लागला. मग फिरण्यासारखं काही उरलं नाही.

मुग्धानंच त्याला आमच्याकडे आणलं. तो खिडकीपाशी बसला आणि म्हणाला, "काकू, मला रोज स्वप्नात पंप सुरू झाल्याचा आवाज येतो. बरं वाटतं. उठून बघतो तर मुग्धाचा हेअर ड्रायर."

मुग्धा हसली. तो नाही हसला.

जोडीदार म्हणून काम करायचा व्हिसा मागता येत होता. अर्ज गेला. आता लॅपटॉपवर बसून परदेशातल्या मालकाचं काम करायला मुभा आहे म्हणतात, पण पंप काही लॅपटॉपवर फिरत नाहीत. मार्गारेटनं त्याला तो नियम सांगितला. त्यानंही मान हलवली. मग वाट बघणं सुरू झालं.

त्यांच्या घराच्या कोपऱ्यावर दिगंबरभाऊंची डेअरी होती. इथं डेअरी म्हणजे दूधदुभत्याचं नव्हे, कोपऱ्यावरचं दुकान. दूध, पाव, वर्तमानपत्र, गोळ्या, उन्हाळ्यात आइस्क्रीम. दिगंबरभाऊ नाशिकचे, मोठ्या आवाजाचे, मोठ्या मनाचे. दुकान ते आणि त्यांची बायको शैला दोघंच चालवायचे. त्या हिवाळ्यात शैलाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. हे सगळं मला माहीत होतं. मला माहीत नव्हतं ते मला गणपतीत कळलं.

शाळेचा हॉल भाड्यानं घेऊन मंडळाचा गणपती बसतो. बाहेर डॅफोडिल्स फुललेले, आत हीटर लावून आरती. मी मोदकाचा पहिला घास घेतला आणि दिगंबरभाऊ श्रीरंगाच्या खांद्यावर हात टाकून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हा माणूस नाही, हिरा आहे! शैला अंथरुणाला खिळली तेव्हापासून रोज सकाळी माझ्या आधी दुकानात. हा नसता तर शटर ओढलं असतं मी. आणि पैशाचं नाव काढू देत नाही!"

मोदक माझ्या तोंडातच राहिला. मी जवळ जाऊन हळूच विचारलं, "खरंच काही घेत नाही ना तो?"

"एक पैसा नाही, काकू. उलट शैलाला उभं राहवत नाही म्हणून हाच घरून आमटीभात करून डबा आणतो."

"आणि डबा?"

"डब्याचं काय?"

"परत कसा जातो?"

दिगंबरभाऊ माझ्याकडे बघायला लागले, जसं मी काही अभद्र बोलले. "रिकामा कसा पाठवायचा, काकू? शैला घालते काहीतरी. तांदूळ, डाळ, कोथिंबीर. परवा बासमतीची पिशवीच दिली."

सोमवारी श्रीरंग आणि मुग्धा दोघांनाही ऑफिसात बोलावलं. मार्गारेटनं सगळं ऐकून घेतलं. रागावली नाही ती, पण तिनं चहा बाजूला सारला, आणि तिनं चहा बाजूला सारला की मला भीती वाटायची. म्हणाली, "रोज दुकान चालवलंत, बदल्यात धान्य घेतलंत. हे काम आहे. तुमची परवानगी नव्हती."

"धान्य घेतलं?" श्रीरंग म्हणाला. "मी आमटी नेत होतो. डबा रिकामा परत द्यायची पद्धत नाही आमच्यात. त्यांनी दिला असता तर मला अपमान वाटला असता. मी नको म्हटलं असतं तर त्यांना वाटला असता. यात मजुरी कुठं आली?"

मी मार्गारेटला समजावलं, की आमच्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत, निदान साखरेची चिमूट तरी घालतात. तिनं नीट ऐकलं. म्हणाली, "मला पटतंय. पण अर्ज वाचणाऱ्याला चिमूट आणि पोतं यातला फरक कोण सांगणार?"

"काय होऊ शकतं?" मुग्धानं विचारलं.

"अर्ज नाकारू शकतात. देश सोडायला सांगू शकतात."

"मग मीही जाईन," मुग्धा म्हणाली. "हा एकटा जाणार नाही. माझं अर्धंच झालंय, पण जाईन." तिचे हात मांडीवर होते. त्या हातांनी ती रोज माणसांना उभं करायची, ते हात आता एकमेकांना धरून बसले होते.

आता आपले लोक. बातमी मंडळात गेलीच. जो तो म्हणायला लागला, कोण बघायला येतंय? दिगंबरभाऊ तर ऑफिसात आले, टोपी काढून मार्गारेटसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, मी सांगतो ना, की तो गप्पा मारायला येतो. शपथेवर सांगतो."

"शपथेवर खोटं सांगू नका," मार्गारेट म्हणाली.

"गप्पा तर मारतच होतो की!"

मार्गारेटचं म्हणणं एकच. त्यांनी विचारण्याआधी आपण सांगायचं. आजपासून दुकानात काम बंद. पुढचं त्यांच्या हातात. श्रीरंगानं सांगायला नकार दिला असता तर ती त्याचं काम सोडणार होती, हेही तिनं लपवलं नाही. मुग्धा कधी म्हणायची सांगून टाक, कधी म्हणायची, राहू दे ना रे, कशाला आपणहून. मला वाटत होतं, श्रीरंग चिडून उठून जाईल. तो खिडकीतून त्या गवताकडे बघत राहिला. मग म्हणाला,

"मी सकाळी शटर वर करायचो ना, काकू, तेव्हा आठवड्याभरानं आंघोळ केल्यासारखं वाटायचं. त्या म्हाताऱ्या बायका मला नावानं हाक मारायच्या, शिरी म्हणून. आता ते लपवायचं, म्हणजे त्याला चोरी म्हणायचं. ती चोरी नव्हती. सांगू या."

पत्र गेलं. दुकान बंद झालं, म्हणजे त्याच्यापुरतं. मग तो फक्त गिऱ्हाईक म्हणून जायचा. दूध घ्यायचा, पैसे द्यायचा, आणि दिगंबरभाऊ काउंटरच्या अलीकडून पलीकडे त्याच्याकडे बघायचे, दोन नातेवाईक कोर्टात भेटावेत तसे. श्रीरंगाचे हात आपोआप तिरकी झालेली वर्तमानपत्रं सरळ करायला जायचे आणि मधेच थांबायचे.

दिवाळी आली. इथं दिवाळी वसंतात, संध्याकाळ संपता संपत नाही, पणत्या लावल्या तरी उजेड त्यांच्या आधी हजर. मुग्धानं शैलाकडे फराळाचा डबा पाठवला. त्याच संध्याकाळी मला शैलाचा फोन. रडत होती.

"काकू, डबा धुऊन ठेवलाय. सणाचा डबा रिकामा देऊ? एक खडीसाखरेचा खडा टाकला तर चालेल का? सरकारला खडा दिसतो का हो?"

मला सल्ला द्यायला मनाई. मी मार्गारेटला फोन लावला. ती बागेत होती बहुतेक, मागे पाखरं ऐकू येत होती. तिनं विचारलं, "तो दुकानात काम करतोय का?"

"नाही, केव्हाचा थांबलाय."

"मग ती भेट आहे. घाला म्हणावं काय घालायचं ते."

मी शैलाला सांगितलं. तिनं नाक पुसल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "म्हणजे राबत होता तेव्हा चिमूटभर दिलं तर गुन्हा, आणि आता बसून आहे तर पोतं दिलं तरी चालतं? काकू, हा कुठला न्याय?"

"मला लायसन नाही गं," मी म्हटलं.

तिनं डबा इतका भरला, की झाकण लागेना म्हणून वरून सुतळी बांधली. श्रीरंग तो उचलून घरी नेताना दिगंबरभाऊ दारात उभे होते. "आता खा!" ते ओरडले. "आता सरकारमान्य आहे!"

त्यानंतर इमिग्रेशनच्या ऑफिसातून फोन आला. अधिकारी श्रीरंगाशी बोलणार होते. तो आमच्या ऑफिसातच बसला, फोन मधे ठेवून, मार्गारेट एका बाजूला, मी दुसऱ्या. मुग्धा कामावर होती. तिचा एक पेशंट त्या दिवशी पहिल्यांदा काठीशिवाय चालणार होता. आवाज एका बाईचा होता, मऊ, थकलेला. तिनं विचारलं, दुकानात काय करत होतात? श्रीरंगानं सांगितलं. शटर, वर्तमानपत्रं, फ्रिज पुसणं, गल्ला. बदल्यात काय मिळालं? त्यानं आठवून आठवून सांगितलं. तांदूळ, तूरडाळ, कोथिंबीर, फुटलेल्या पुड्यातली बिस्किटं, पावसात चप्पल तुटली तेव्हा एक जँडल्सचा, म्हणजे रबरी सपातांचा, जोड, आणि दिगंबरभाऊंच्या कुंडीतला कढीपत्ता. मी त्याला टेबलाखालून खुणावत होते, की बाबा, कढीपत्ता कशाला. पण तो थांबेना. पलीकडे टाइप केल्याचा आवाज येत होता. तो आवाज थांबला.

"कढीपत्ता इथं वाढतो?" तिनं विचारलं.

"घरात ठेवला तर," श्रीरंग म्हणाला. "थंडीत पानं गाळतो. मरत नाही."

"हे काम समजलं जातं, हे तुम्हाला माहीत होतं?"

"नियम मला सांगितला होता. पण पैसे घेत नाही म्हणजे काम नाही, अशी मी माझी समजूत करून घेतली. ती चुकीची होती."

"आता दिवसभर काय करता?"

मार्गारेटनं त्याच्याकडे बघितलं. बाहेर त्या गवतावरून वारा जात होता, सगळं गवत एका अंगावर वळल्यासारखं. मला वाटलं, आता हा काहीतरी शहाण्यासारखं बोलेल, वाचन करतो, इंग्रजी सुधारतो, असं काही. तो म्हणाला,

"बायकोची वाट बघतो. ती हॉस्पिटलातून येते तेव्हा तिचे पाय दुखत असतात. पाणी गरम करून ठेवतो. मग ती सांगते आज कोण किती चाललं. मग माझाही दिवस होतो."

पलीकडे पुन्हा टाइप केल्याचा आवाज. मग, धन्यवाद, कळवू. संपलं.

आणि पुन्हा वाट. ही सगळ्यात लांब होती. त्या दिवसांचं माझ्या डोक्यात एकच चित्र आहे. उन्हाळा, आभाळ इतकं मोठं की घरं त्याच्या तळाशी सांडल्यासारखी, आणि ही दोघं संध्याकाळी नदीकाठानं चालताहेत. मुग्धा मधेच थांबून त्याच्या चालण्याकडे बघते, पेशंटकडे बघावं तसं. एकदा मला भेटली तेव्हा म्हणाली, "काकू, हा हल्ली पाय ओढतो. काही झालेलं नाही त्याला. नुसता ओढतो."

दर वर्षी अशी माणसं माझ्यासमोरून गेली. काहींना नाही असं उत्तर आलं. विमानतळावर पोचवायलाही मी गेले, आणि त्यांच्यापैकी कुणीही वाईट नव्हतं. श्रीरंगाला कुणी नाही म्हटलं असतं, तर त्यांचं चुकलं असं नियमानं म्हणता आलं नसतं. हे मला माहीत होतं, म्हणून मी देवाला नवससुद्धा बोलले नाही. कुणाच्या चुकीवर नवस बोलायचा?

उत्तर आलं तेव्हा मार्गारेटनं मला आत बोलावलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. पुन्हा असं करू नये अशी ताकीद होती. आणि खाली परवानगी. मुग्धाचा व्हिसा असेतो, काम करायची. आता मुग्धाचा व्हिसा म्हणजे, उन्हाळा तर उतरणीला लागला होता. झाडांच्या शेंड्यांना रंग यायला लागला होता. थोडेच दिवस उरले होते त्यांचे.

मी श्रीरंगाला फोन केला. म्हटलं, मिळाली रे. मग मागे कुणाशी तरी बोलल्याचा आवाज, आणि मुग्धाचा. "किती दिवस?" ती विचारत होती. "असू देत ग," तो म्हणत होता, "किती का असेनात."

दिगंबरभाऊंनी त्याला रीतसर कामावर घेतलं. टॅक्सचा नंबर, करारनामा, सगळं. मार्गारेटनं करारनामा वाचून दिला. मुग्धा म्हणाली होती म्हणे, थोड्या दिवसांसाठी कशाला, त्यापेक्षा दक्षिणेला फिरून येऊ. तो म्हणाला, फिरणं झालंय.

त्याच्या पहिल्या सकाळी मी मुद्दाम वेगळी बस पकडली, त्यांच्या रस्त्यानं जाणारी. म्हटलं, उतरू, एक पेपर घेऊ, समोरासमोर चार शब्द बोलू. धुकं होतं. बस कोपऱ्याशी सिग्नलला थांबली आणि काचेतून डेअरी दिसली, आत दिवा पिवळा. शटर वर झालेलं. काउंटरमागे श्रीरंग, इस्त्रीचा शर्ट घातलेला, त्याच्यापुढे एक म्हातारी बाई, ओव्हरकोटात, पिशवीत काहीतरी शोधत होती. तो तिला काहीतरी सांगत होता, दोन्ही हात हवेत उचलून, बहुतेक धुक्याबद्दल तक्रार करत होता. ती हसली. त्यानं मागे वळून पाव काढला, पिशवीत घातला, आणि पुढच्या माणसाकडे असं बघितलं, जरा घाईनं, जरा कंटाळून, जसं गिऱ्हाइकांची रांग लागलेला कुठलाही दुकानदार बघतो.

त्याचा तो कंटाळा मी बघत राहिले. बसची घंटा दाबायला हात वर गेला होता माझा. तो मी खाली घेतला. ड्रायव्हरनं आरशातून बघत विचारलं, उतरायचं आहे का? मी म्हटलं, नको, जाऊ द्या पुढे.